सोडा चांगलाच होता

सोनपेठच्या आठवडी बाजारात पंचफुलाबाईच्या गाड्यावर सोडा प्यायचा म्हणजे आधी चार बोलणी खायची, हे ठरलेलं. "गोळी दाबायला अंगठ्यात जीव लागतो. सरक बाजूला," असं म्हणून ती भल्याभल्यांच्या हातातून बाटली काढून घेई. एकदा तहसीलमधले एक साहेब दोन बाटल्या फुकट पिऊन ढेकर देत निघाले, तर हिनं भर बाजारात हाळी दिली, "सायेब, त्यो ढेकर हितंच ठिवून जावा. पैशाचा हाय त्यो!" साहेबांनी मुकाट पाकीट काढलं. लोक महिनाभर हसत होते. हसायला माणसांना काय, दुसऱ्याची फजिती पुरते.

तिचं माहेर पाथरीजवळचं. सोळाव्या वर्षी ती धबडग्यांच्या घरात आली, तेव्हा घरात थोडी कोरडवाहू जमीन, एक म्हैस आणि ओसरीत सासऱ्यानं जुनं विकत घेतलेलं सोड्याचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे एक लोखंडी पिंजरा. त्यात बाटली अडकवायची, गॅस सोडायचा आणि दांडा धरून गरागरा फिरवायचं. आत दाब झाला की काचेची गोळी आपसूक बाटलीच्या तोंडाशी येऊन बसते. बाटलीला बारीकशी चीर असली तर मात्र ती फुटते. लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अशी एक बाटली तात्यारावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या हातात फुटली. हात बरा झाला, पण त्या माणसानं धसकाच घेतला. यंत्राजवळ जायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. सासरा म्हणाला, विकून टाकू. नवी सून पदर खोचून उठली आणि म्हणाली, "मी फिरवते." तेव्हापासून दांडा तिच्या हातात होता. तात्याराव पाणी भरायचे, बाटल्या धुवायचे आणि बायकोला घाबरायचे.

तिचा एक नेम होता. बाटली उघडल्यावर सोडा नाकात झणकला पाहिजे, डोळ्यात पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर गिऱ्हाईक काही म्हणायच्या आत ती पेला गटारात ओतायची. "पडेल सोडा पाजून पैसे घेयाचे म्हंजी भीक मागायची," असं ती म्हणे. चाळीस वर्षं असं वागलं की माणसाच्या शब्दाला वजन येतं. गावात भांडण झालं, सोयरीक ठरवायची असली, कुणाची म्हैस विकत घ्यायची असली, तरी लोक विचारत, "काकू काय म्हणल्या?" काकू जे म्हणतील ते तोंडावर म्हणतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशी ही बाई जगात फक्त एका माणसापुढं मुकी व्हायची. तो म्हणजे तिचा जावई.

आपल्याकडं जावई नावाच्या प्राण्याचे जे लाड चालतात, त्याला काही सुमार नाही. तो आला की सासूनं डोक्यावरून पदर घ्यायचा, त्याच्या बरोबरीनं बसायचं नाही, त्याच्याकडं मान वर करून बघायचं नाही. आणि तो एका घरचा जावई नसतो, अख्ख्या गावचा असतो. चहा पाजायला गल्लीत चढाओढ. पंचफुलाबाईची एकुलती एक लेक राजेश्री परभणीत दिली होती. जावई योगीराज. आधी पाण्याच्या मोटारी विकायचा, मग विम्याच्या पॉलिशा, मग प्लॉट. बोलणं तुपात घोळलेलं. बारा वर्षांत पंचफुलाबाईनं त्याला "या" आणि "जेवा" यापलीकडं फार काही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, पाय धुवायचे, वाण द्यायचं. योगीराज आला. पाटावर बसला, धोंडे तुपात बुडवून खाल्ले. तात्यारावांनी कपड्याचा जोड पुढं केला तर तो सासूकडं वळून, हात जोडून म्हणाला, "मामी, मला कपडे नकोत, भांडं नको. एकच मागणं हाय. आमच्या कंपनीचा मेळावा हाय गावात. तुमी फकत पाच मिंटं स्टेजवर येऊन बसायचं."

अधिक महिन्यात पाटावर बसलेल्या जावयानं तोंडानं मागितलेलं नाही म्हणायची हिंमत कुणाची? पंचफुलाबाईनं पदराआडून मान हलवली. इथंच ती फसली. दुसऱ्या कुणी हेच मागितलं असतं तर तिनं आधी त्याला उन्हात उभं करून वीस प्रश्न विचारले असते.

कंपनीचं नाव शीतझरा. ती घरच्या घरी सोडा करायचं मशीन विकत होती. पांढरंशुभ्र, देवघरातल्या समईएवढं. पोटात गॅसची छोटी टाकी. बाटलीत गार पाणी भरून खाली अडकवायची, बटण दाबायचं, घर्रर्र आवाज होतो आणि पाण्याचा सोडा होतो. पण खरा कार्यक्रम वेगळाच होता. "मशीन घ्या आणि कंपनीत भागीदारबी व्हा," असं पुण्याहून आलेले कोटवाले साहेब सांगत होते. पैसे गुंतवायचे. तालुक्यात घरोघरी मशीन जाणार, प्रत्येक घरात टाकी संपणार, भरलेल्या टाकीमागं भागीदाराला वाटा. घरबसल्या, दर महिन्याला.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. पंचफुलाबाईला स्टेजवर खुर्ची, शाल, श्रीफळ, हार. तिनं लग्नानंतर पहिल्यांदा हार घातला होता आणि तो टोचत होता. साहेबांनी तिच्यासमोर मशीनमधून सोडा काढला आणि पेला तिच्या हातात दिला.

खरं सांगायचं तर ती खोट काढायच्या तयारीनंच आली होती. हे खेळणं काय सोडा काढणार? तिनं घोट घेतला. सोडा नाकात झणकला. डोळ्यात पाणी आलं. तिनं पुन्हा एक घोट घेतला, कारण तिला खरं वाटेना. तेवढ्यात माईक तिच्या तोंडासमोर आला. "काकू, तुमचा तर जलम सोड्यात गेला. सांगा, कसा हाय?"

"चांगला हाय," ती म्हणाली. "झणका हाय. खोटं कशाला बोलू?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी माईक ओढून घेतला. "ऐकलंत? ज्यांचा स्वतःचा सोड्याचा धंदा या मशीनमुळं बसणार आहे, त्याच सांगतायत! यापेक्षा मोठी खात्री कोणती?"

लोकांनाही ते पटलं. स्वतःच्या पोटावर पाय येत असताना जी बाई चांगल्याला चांगलं म्हणते, तिच्या शब्दावर डोळे मिटून जावं. तिचा तो तुकडा, "खोटं कशाला बोलू", मागं ढोल-ताशा लावून गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. आठवड्याभरात सोनपेठेत मशिनीही आल्या आणि भागीदारही झाले. शिक्षक, किराणावाले, ऊस विकून नुकतेच मोकळे झालेले शेतकरी. आणि शेजारची धुरपताबाई.

धुरपताबाई शाळेत खिचडी शिजवायची. तिचे लेक-सून उरले नव्हते, अर्पिता नावाची नात तेवढी होती. हुशार पोरगी, बारावीला होती. तिला नर्सिंगला घालायचं म्हणून धुरपताबाईनं वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून पैसे जमवले होते. ती भिंतीपलीकडून म्हणाली, "पंचफुला, टाकू का गं मी बी?"

आणि पंचफुलाबाई काय म्हणाली? "सोडा तर चांगला हाय बाई." एवढंच म्हणाली. पण एवढं पुरे होतं.

तिनं स्वतःही थोडेफार पैसे टाकायचं मनात आणलं होतं. योगीराजला तिनं तात्यारावांकडून तसं विचारलं. तो कानाला हात लावून म्हणाला, "छे छे. घरच्या माणसाकडून पैशे घेयाचे? मला शोभंल का?" तात्याराव भारावून गेले. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं चार ठिकाणी सांगत सुटले.

पहिले काही महिने वाटा वेळेवर आला. मोबाइलवर टुण्ण वाजलं की लोक एकमेकांना दाखवायचे. पंचफुलाबाईचा गाडा ओस पडला. पाहुणे आले की घराघरात घर्रर्र ऐकू यायचं. तिला वाईट वाटलं, पण चीड आली नाही. चांगला माल आला की जुना मागं पडणार, यात रडायचं काय? तिकडं योगीराजनं माडी चढवली, दारात गाडी उभी राहिली.

मग वाटा थांबला. आधी "सिस्टीम बदलायलीय" म्हणून, मग "पुढच्या महिन्यात एकदम" म्हणून. टाक्या भरून येईनात. पुण्याच्या साहेबांचा फोन लागेना. परभणीतल्या हापिसाला कुलूप दिसलं, आणि पुढच्या वेळी तिथं चपलांचं दुकान दिसलं. पंचफुलाबाईनं आपल्या मोठ्या सिलेंडरवरून एका घरची छोटी टाकी भरायचा खटाटोप केला, तर तिचं तोंडच निराळं. कंपनीशिवाय कुणाला ती भरताच येऊ नये अशी तजवीज. मशिनींवर लोकांनी विणलेले रुमाल घातले.

उन्हाळा आला आणि सगळं गाव परत गाड्यावर आलं.

हेच तिला सहन होईना. ज्यांचे पैसे तिच्या शब्दावर गेले, तेच आता रांगेत उभं राहून तिचाच गल्ला भरत होते. "काकू, एक लिंबू द्या." "काकू, जिरा." पेल्यात बघायचे, तिच्या तोंडाकडं बघायचे नाहीत. एकानं तरी म्हणावं, बाई, तुझ्या जावयानं गळा कापला आमचा. एकानं तरी बाटली आपटावी. कुणी काही बोलेना. ती मुद्दाम खेकसायची, "बोला की रं! तोंड शिवलंय का?" तर ते हसून म्हणायचे, "जाऊ द्या काकू. तुमचा काय दोष?"

तळपायाची आग मस्तकात जायची तिची. शिवी परवडते, ही दया परवडत नाही. रात्री ती तात्यारावांवर भडकायची. ते म्हणायचे, "अगं, लोकच काई म्हणत न्हाईत, तर तू कशाला उकरायलीस?" त्यावर ती असं काही बोलायची की ते अंगणात जाऊन बसायचे.

अर्पिता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे आले नाहीत. आठ दिवसांनी पोरगी परभणी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालताना दिसली. पंचफुलाबाई दुकानाच्या पायरीशी थबकली. अर्पितानं तिला बघितलं, हसली आणि म्हणाली, "या ना आज्जी, पाणी देऊ का?" पंचफुलाबाई तिथून जी निघाली ती थेट बसस्टँडवर. परभणीची एसटी लागलेली होती.

राजेश्रीनं दार उघडलं आणि आईचं तोंड बघून तिचा चेहरा उतरला. योगीराज सोफ्यावर मोबाइल बघत होता. तो उठला, पाया पडला. हॉलमध्ये भिंतीलगत नवे खोके रचलेले होते. खोक्यांवर निळ्या पाण्याचं चित्र.

"मी बी बुडालो, मामी," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "वरच्या लोकांनी दगा दिला. आता काय, कपाळाला हात." मग खोक्यांकडं बोट करून त्याच दमात पुढं बोलला, "पण ही नवी कंपनी लय पक्की हाय. औषधी पाण्याचं मशीन. पुढच्या महिन्यात पाथरीला मेळावा ठिवलाय. तुमचं म्हायेर तिकडंच. म्हायेरचे लोक तुमचं ऐकतील. पाच मिंटं फकत."

पंचफुलाबाई पदर धरून उभी होती. सवयीनं मान खाली होती. ती फरशीकडं बघत म्हणाली, "एक विचारू का जावईबापू? तव्हा आमी पैशे देयालो होतो. तुमी का घेतले न्हाईत?"

"मामी, घरचं माणूस. तुमाला कसं अडकवू?"

तो बोलून गेला आणि मोबाइलकडं वळला. त्याला कळलंही नाही काय बोलला ते. तिला कळलं. अडकणार हे ह्याला ठाऊक होतं. मंगल कार्यालयात तिच्या गळ्यात हार घालताना ठाऊक होतं, पुरणाचे धोंडे गिळताना ठाऊक होतं.

बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं जावयासमोर डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि त्याच्या डोळ्यात डोळे घातले.

"आन् धुरपता? ती कुणाच्या घरची व्हती रं? बेवारस व्हती का?"

"आई!" राजेश्री धावली. "हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! माजं सगळं गाव ऐकून बसलंय, तुजे दोन शेजारी ऐकू दे! भाड्या, खिचडी शिजवणाऱ्या बाईचे पैशे खाऊन माडी बांधलीस? पचते कशी तुला?"

योगीराजचा तुपातला आवाज तिथं संपला. "तोंड सांभाळा मामी. मी कुणाच्या खिशात हात घातला न्हाई. लोकांनी आपखुशीनं दिले. आन् सोडा चांगलाच होता की. तुमीच म्हणलात. मी म्हणलो होतो का?"

तिला खाडकन् थोबाडीत बसल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. सोडा चांगलाच होता. जन्मभर तिला एवढंच ठाऊक होतं, की सोडा चांगला तर दुकान चांगलं. तिच्या गाड्यावर सोडा आणि दुकान एकच होतं ना! सोड्यामागच्या कंपनीचं पोट कसं चालतं, हे तिनं कधी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर उत्तर तिला गाड्यावर उभ्या उभ्या सापडलं असतं. गॅसला काय पडतं हे ती रोज बघत होती. छोट्या टाकीमागं एवढा वाटा कुठून निघेल? तो नव्या भागीदाराच्या पैशातून जुन्याला मिळत होता, दुसरं काय! दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं असतं तर तिनं त्याला खुळ्यात काढलं असतं. जावई पडला म्हणून तिनं अक्कल पदराखाली झाकून ठेवली.

"मी ठाण्यात जाते," ती म्हणाली.

राजेश्री रडायला लागली. मग रडता रडता तिचा आवाज चढला. ती शेवटी हिचीच लेक. "जा. पण एक ध्यानात ठेव. गावातल्या सगळ्यांनी गिळलं, आन् माझ्या संसारात माती कालवायला माझीच आई निघाली. परत तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई मी."

पंचफुलाबाई पायऱ्या उतरली. परत येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, तब्येत बरी न्हाई का? तिनं त्या बिचारीलाही झापलं.

ठाण्यात हवालदार बन्सीधर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "काकू, तुमचे किती गेले?"

"माजे न्हाई गेले."

"मग तुमची फिर्याद कशी घेऊ? ज्याचे गेले त्यानं यायला पायजे. एक जण जरी आला तरी मी लिहून घेतो, परभणीला पाठवतो. पण येत न्हाई कुणी. मी सोताहून दोघांना विचारलं. म्हणले, गावचा जावई हाय."

ती घरोघर गेली. तिचं ते फिरणं आठवलं की अजूनही चीड येते, तिची नव्हे, त्या गावाची. किराणावाला म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ." एक मास्तर म्हणाले, "राजेश्री आमची विद्यार्थिनी. तिचं कुंकू आहे ते." ऊसवाला म्हणाला, "काकू, जावयावर केस केली असं कोणत्या गावात झालंय? उद्या आपल्या पोरी कोण करंल?" वा रे मोठं मन! घरात पोराच्या वहीला पैसे देताना हात आखडतो, आणि लुटारूला मात्र जावई म्हणून माफी. ह्या मोठ्या मनावरच असले योगीराज माड्या बांधतात. आणि हा आता पाथरीला निघाला होता, तिच्या माहेरी. तिथंही कुणाची तरी सून-लेक, कुणाची तरी नात असणारच होती.

शेवटी ती धुरपताबाईच्या दारात गेली. मुद्दाम शेवटी. कारण तिथं जायचा तिला धीर होत नव्हता.

"ये गं," धुरपताबाई म्हणाली. "बस. च्या टाकते."

"च्या नगं. चल माज्यासंगं ठाण्यात."

"कशाला बाई? गेले ते गेले. राजेश्रीला मी मांडीवर खेळवली. तिच्या कुंकवावर हात उचलू का मी?" धुरपताबाईनं पातेलं चुलीवर ठेवलंच.

"मग अर्पितानं साड्याच्या घड्या घालाव्या जलमभर?"

"नशीब तिचं."

"नशीब न्हाई, मी हाय मी! मी म्हणले म्हणून दिलेस तू. दे मला शिवी. थुक माज्यावर. तू देव न्हाईस धुरपता, देवावानी बोलू नगंस. तुला राग कसा येईना गं? का तुला बरंच वाटायलंय, पोरगी कमवाया लागली म्हणून? चार साड्या फुकट मिळत्याल, दिवाळीला मिरवशील!"

हे बोलणं हलकट होतं. ते तोंडातून बाहेर पडताना तिचं तिलाच कळत होतं.

धुरपताबाईचा हात पातेल्यावर थांबला. ती सावकाश वळली. तीस वर्षांत पंचफुलाबाईनं तिचा हा चेहरा कधी बघितला नव्हता.

"राग?" ती म्हणाली. "राग कसा येईना म्हणतीस? रोज रातच्याला पोरगी पलीकडं तोंड करून निजती, मी तिच्या पाठीकडं बघत ऱ्हाते. तू सोडा भरतीस, यंत्र फिरल्याचा आवाज भिंतीतून येतो, तव्हा वाटतं जावं आन् गाडाच उलथून टाकावा! मी त्या योगीराजला काय वळखत व्हते का? मी तुज्या शबदावर दिले, पंचफुला. तुज्या. तू भिंतीपल्याड व्हतीस. तू नको म्हणली असतीस तर मी देवाचं बी ऐकलं नसतं. आन् तू म्हणलीस, सोडा चांगला हाय! मी सोडा इचारला व्हता का गं तुला? मी सोडा इचारला व्हता?"

तिचा आवाज फाटला. दारात अर्पिता येऊन उभी राहिली होती, कामावरून आलेली, हातात पिशवी. चहा उतू गेला. कुणी पातेलं उतरवलं नाही.

पंचफुलाबाईनं पदर खोचला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "चल. हेच तिथं सांग. असंच्या असं."

दोघी गेल्या. रस्त्यातून जाताना एकमेकींशी बोलल्या नाहीत. बाजारपेठेतून लोक बघत होते. मास्तर दुकानाकडं तोंड फिरवून उभे राहिले.

बन्सीधरांनी कागद पुढं ओढला. धुरपताबाईनं सांगायला सुरुवात केली. आधी आवाज कापत होता, मग कापला नाही. योगीराजचं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, पुण्याच्या साहेबांचं सांगितलं. बन्सीधर लिहीत गेले. मग त्यांनी पेन थांबवलं.

"बाई, हे विचारावंच लागतं. पैसे कुणाच्या भरवशावर दिले? त्या दिवशी स्टेजवर आणखी कोण होतं?"

धुरपताबाईनं शेजारी बघितलं. पंचफुलाबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"काकू," बन्सीधर हळू आवाजात म्हणाले, "हे कागदावर आलं की तुमालाबी परभणीला बोलावतील. जावयाच्या बरोबरीनं उभं ऱ्हावं लागंल. ह्यांनी नाव घेतलं न्हाई तर मी काई विचारणार न्हाई."

"मी न्हाई सांगणार तिला काई," पंचफुलाबाई म्हणाली. "तिचे पैशे गेलेत. तिनं ठरवावं."

पंखा गरगरत होता. धुरपताबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती आता नाव घेणार नाही, असं पंचफुलाबाईला वाटलं, आणि तिच्या मनात त्या क्षणी जे आलं त्याची तिला मागून फार लाज वाटली. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"लिवा," धुरपताबाई म्हणाली. "पंचफुला तात्याराव धबडगे. माजी शेजारीण. हिच्या भरवशावर दिले."

उन्हाळाभर हेच ऐकायला ती तडफडत होती, दारोदार भांडत फिरली होती. ऐकलं तेव्हा मात्र ते खोल कुठंतरी लागलं. बन्सीधर तिच्याकडं बघत होते, ती काही म्हणते का म्हणून.

"बरोबर हाय तिचं," पंचफुलाबाई म्हणाली. "लिवा."